डाग उजवीकडे का दिसला?

अमळनेर तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. बारावीनंतर नीट दोनदा दिली, सीट मिळाली नाही. गेल्या पावसाळ्यात आजीला लकवा मारला, जळगावला नेऊन मेंदूचा एमआरआय काढला. तेव्हापासून मुलीनं धरून ठेवलंय की मला एमआरआयवरच काम करायचंय, मेंदूचे आजार कसे होतात ते शोधायचंय. वडील लिहितात, "मन्ही पोर हुशार शे. पण डॉक्टर नसताना हे काम तिला कोण देणार? पुन्हा नीटला बसवू का? तिची आत्या म्हणते, आता स्थळं बघा." पत्राच्या मागच्या बाजूला वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे: "आजीचा उजवा हात गेला आणि बोलणं अडखळलं. म्हणजे बिघाड मेंदूच्या डाव्या बाजूला हवा. पण कॉम्प्युटरवर पांढरा डाग उजवीकडे दिसत होता. असं कसं?"

रामराम भाऊ,

तुमचं पत्र वाचलं, पण लगेच उत्तराला बसलो ते त्या मागच्या ओळीमुळे. म्हणून आधी लेकीला उत्तर देतो. ताई, तुझा तर्क बरोबर आहे, डाग डावीकडेच होता. मेंदूच्या आडव्या छेदाचा फोटो दाखवताना आपण पेशंटच्या पायाशी उभं राहून डोक्याकडे बघतोय, असं धरतात. त्यामुळे पेशंटची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. फोटोच्या कडेला लहानसं 'एल' किंवा 'आर' लिहिलेलं असतं, ते बघ.

भाऊ, घरात माणूस आजारी, धावपळ, रडारड, आणि त्यातही या पोरीला दिसलं की हात आणि डाग यांचा मेळ बसत नाहीये. तिनं ते मनात ठेवलं आणि महिन्यांनी विचारलं. मी इतकी वर्षं मुलांशी बोलतो. नव्वद टक्क्यांची मुलं पुष्कळ येतात, असा प्रश्न घेऊन येणारी फार थोडी.

आता तुमची शंका. डॉक्टर नसताना हे काम कोण देणार? एमआरआयच्या शोधासाठी २००३ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं ते पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना. पहिले रसायनशास्त्रज्ञ, दुसरे भौतिकशास्त्रज्ञ. दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता. मॅन्सफिल्ड यांनी तर पंधराव्या वर्षी शाळा सोडली, छपाईच्या धंद्यात उमेदवारी केली, आणि पुढे शिक्षण पूर्ण करून भौतिकशास्त्राकडे वळले. शाळेत असताना त्यांनी शास्त्रज्ञ व्हायचंय असं सांगितलं, तेव्हा करिअरचा सल्ला देणारे शिक्षक म्हणाले होते, काहीतरी झेपेल असं बघ. मीही सल्लाच देतो, म्हणून ही गोष्ट मला कायम टोचते. तुमच्या पोरीला मी तसलं काही सांगणार नाही.

या मशीनमध्ये क्ष-किरण नसतात. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारो पट ताकदीचं चुंबक, रेडिओ लहरी, आणि आपल्या शरीरातल्या पाण्यातला हायड्रोजन, एवढ्यावर सगळा खेळ चालतो. आणि मशीनमधून थेट फोटो बाहेर पडत नाही. बाहेर येतात ते कंप्रतांचे आकडे. त्यांचा फोटो करतं फूरियरचं गणित, म्हणजे एकत्र मिसळलेल्या लहरी वेगवेगळ्या करायचं गणित. लेकीला विचारा, फूरियरचा चॅप्टर तिनं ऑप्शनला टाकलाय का? टाकला असेल तर आजच परत काढायला सांगा. तिच्या स्वप्नाचा सगळ्यात जवळचा रस्ता त्या चॅप्टरमधून जातो.

आजीच्या डोक्यात जे दिसलं ते कसं दिसलं, हे तुम्हालाही समजावं असं वाटतं. नस बंद पडली की तिथल्या पेशींची ऊर्जा संपते, त्या फुगतात, पेशींमधली फट आकसते आणि पाण्याच्या कणांची हालचाल कोंडते. पहिल्या काही तासांत सीटी स्कॅन पुष्कळदा स्वच्छ दिसतो. पण एमआरआयमध्ये डिफ्यूजन नावाची पद्धत आहे, ती पाण्याची हालचालच मोजते. त्यात ती जागा पांढरी चमकते. तोच तो डाग.

याच कल्पनेला पुढे नेलं की खरं संशोधन सुरू होतं. तुम्ही कपाशीला पाणी देता तेव्हा ते सरीतून सरळ पळतं, वरंबा ओलांडून आडवं जात नाही. शेतात नुसतं पाणी कुठल्या दिशेनं धावतंय एवढं कळलं तरी, माती न बघता, सऱ्या कशा पाडल्यात ते सांगता येईल. मेंदूतल्या तंतूंच्या जुडग्यांचंही तसंच आहे. पाण्याचे कण तंतूच्या लांबीनं सहज सरकतात, आडवे अडतात. १९९४ मध्ये पीटर बॅसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दिशांचं गणित मांडलं. त्याला डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग म्हणतात. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या वाटा, कवटीला हात न लावता, त्यातून रेखाटता येतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये तंतूंवरचं आवरण झिजतं तेव्हा, किंवा डोक्याला मार बसतो तेव्हा, साध्या फोटोत ठीक दिसणाऱ्या भागातही वरंबे ढासळलेले या मोजमापात कळू शकतात.

आणखीही पद्धती आहेत. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या एका काळसर भागातल्या पेशी मरतात. निरोगी माणसात, लोहाला संवेदनशील असलेल्या एमआरआय फोटोत, तिथे भिंगरी पक्ष्याच्या दुभंगलेल्या शेपटीसारखी खूण दिसते. पार्किन्सनच्या बहुतेक पेशंटमध्ये ती शेपटी पुसली जाते. अल्झायमरमध्ये आठवणींशी संबंधित हिपोकॅम्पस आकसतो, आणि तो वर्षागणिक किती आकसला हे मोजता येतं. एकाच पेशंटचा फोटो बघून निदान करणं हे डॉक्टरांचं काम. शेकडो लोकांचे फोटो घेऊन, मोजून, आजाराची पावलं ओळखणं हे संशोधकाचं, आणि त्यासाठी फिजिक्स, गणित, कॉम्प्युटरवाली माणसं लागतात.

मात्र या कामाला फार प्रामाणिक माणूस लागतो, हेही तिला आत्ताच कळू दे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी मेलेला सामन मासा मशीनमध्ये ठेवला, त्याला माणसांची चित्रं दाखवली आणि नेहमीसारखं मेंदूचं विश्लेषण केलं. मेलेल्या माशाच्या मेंदूत 'हालचाल' दिसली. हजारो ठिपके एकदम तपासले की काही ठिपके निव्वळ योगायोगानं चमकतात, त्याची दुरुस्ती गणितात केली नाही तर काय होतं, हे त्यांना दाखवायचं होतं. म्हणून संख्याशास्त्र तिला फिजिक्सइतकंच पक्कं करावं लागेल. दिवसातले बहुतेक तास कॉम्प्युटरपुढे जातील. पेशंट हलला म्हणून फोटो बाद होतील, महिन्यांची मेहनत फेकून द्यावी लागेल. हे ऐकूनही तिचा चेहरा उतरला नाही, तर समजा ती तयार आहे.

आता वाट. नीट तिसऱ्यांदा नको. त्या वाटेनं मेंदूच्या इमेजिंगपर्यंत पोचायला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी रेडिऑलॉजी आणि पुढे न्यूरोरेडिऑलॉजीचं, म्हणजे मेंदूच्या फोटोंचं, डीएम लागतं. तिला उपचारांची ओढ असती तर मी वेगळं बोललो असतो. तिचा प्रश्न मात्र फोटो कसा तयार होतो याचा आहे. रेडिऑलॉजी टेक्नॉलॉजिस्टचा कोर्सही चांगला, मशीन चालवणारा माणूस म्हणजे पेशंटचा पहिला आधार. पण त्यासाठी तिला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल, आणि ते काम मुख्यतः स्कॅन काढण्याचं.

तिनं बी.एस्सी. पूर्ण करावी. तिसऱ्या वर्षातच आयआयटीची 'जॅम' परीक्षा द्यावी. ती फेब्रुवारीत असते, अर्ज साधारण आदल्या सप्टेंबरमध्ये निघतात, तारीख वेबसाइटवर बघत राहा. जॅमनं आयआयटीत फिजिक्सच्या एम.एस्सी.ला जाता येतं. नाही जमलं तर जळगावला आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठातून किंवा पुण्याहून एम.एस्सी. करूनही पुढचा दरवाजा तोच आहे. एम.एस्सी.नंतर नेट-जेआरएफ (संशोधनासाठी दरमहा पैसे मिळवून देणारी राष्ट्रीय परीक्षा) किंवा गेट (आणखी एक राष्ट्रीय परीक्षा), मग पीएच.डी. मेंदूच्या एमआरआयवर काम करणाऱ्या जागा ओळखून ठेवा: बंगळुरूची निम्हान्स, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था, हरियाणातल्या मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, लखनौचं सेंटर ऑफ बायोमेडिकल रिसर्च, आणि आयआयटी मुंबई व दिल्लीचे बायोमेडिकल विभाग. देशी बनावटीचं एमआरआय मशीन उभं करण्याच्या कामात मुंबईची समीर ही सरकारी संस्था आहे. ज्यांना फोटोपेक्षा यंत्रच आवडतं त्यांच्यासाठी ती जागा.

एका ठिकाणी पोरं नेहमी फसतात, म्हणून सांगतो. 'मेडिकल फिजिक्स' हे नाव ऐकून बरेच जण उडी मारतात. आपल्याकडे त्या पदवीची बहुतेक कामं कॅन्सरच्या रेडिएशन उपचारात आणि किरणोत्सर्गाच्या सुरक्षिततेत असतात. उत्तम, खात्रीचं काम आहे, पण तिला हवं ते हे नव्हे.

पैशाचं बोलू, कारण तुमच्या पत्रात न लिहिताही तो प्रश्न दिसतो. बी.एस्सी. आणि एम.एस्सी.चा खर्च घरावर येईल, तोही सरकारी संस्थेत प्रायव्हेट मेडिकलच्या तुलनेत फार कमी. जेआरएफ मिळाली की पीएच.डी. करताना दरमहा पैसे मिळतात. जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं आहे. कापसाचा भाव कुठे जाईल ते तुम्हाला माहीत. हे पैसे मात्र तिचे स्वतःचे असतील.

आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा. स्थळं दोन-तीन वर्षांनीही येतील. अभ्यासाची ही लय मात्र नंतर आणता येत नाही. ज्या घरात हे शिक्षण पुढे चालेल तेच घर बघायचं, एवढं आत्ताच ठरवून टाका.

आणि ही पोर आपल्या खान्देशाला का हवी आहे तेही सांगतो. वर सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आनुवंशिक आजाराचं, प्रमाण मोठं आहे. या आजारात काही मुलांच्या मेंदूत रक्त न पोचल्यानं लकव्याचे लहान-लहान झटके येऊन जातात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ना हात लुळा पडतो, ना बोलणं जातं. मूल शाळेत मागे पडतं आणि मास्तर म्हणतात लक्ष नाही. ते डाग फक्त एमआरआयमध्ये दिसतात. यावरचा पुष्कळसा अभ्यास अमेरिकेतल्या मुलांवर झालाय. आपल्या भागातल्या सिकलसेलचा जनुकीय प्रकार वेगळा, त्यात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं आणि आजार बहुधा सौम्य असतो. मग आपल्या मुलांच्या मेंदूत काय होतं? हे शोधायला इथल्या बोली कळणारा आणि फूरियरही कळणारा माणूस मिळाला तर किती बरं होईल, असं मला फार वाटतं.

आता एक काम. आजीच्या एमआरआयची सीडी कपाटात असेल, ती फेकू नका. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर 'थ्रीडी स्लायसर' नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकून लेकीनं ती उघडावी. फाइलींवर आजीचं नाव असतं, म्हणून त्या कुणाला पाठवायच्या नाहीत. त्यात 'डीडब्ल्यूआय' (वर सांगितलेला डिफ्यूजनचा फोटो) आणि 'एडीसी' (त्याच डिफ्यूजनमधून मोजून काढलेला नकाशा) अशा दोन मालिका सापडतील. पहिलीत पांढरा दिसणारा डाग दुसरीत कसा दिसतो, काळा की पांढरा, आणि का, हे तिनं स्वतः शोधून मला लिहावं. या वेळी पत्राच्या पुढच्या बाजूला.