गर्मीच्या नावाखाली घोळणा

एप्रिल लागला की आमच्या ओपीडीत रोज तेच ऐकू येतं, "गर्मीनं घोळणा फुटला." म्हणजे नाकातून रक्त आलं. म्हणून या वेळी नाकाचेच प्रश्न घेतो.

मुलगा आठ वर्षांचा. रक्त आलं की निजवून डोक्यावर पाणी थापतो, कांदा हुंगवतो. बरोबर ना? (राळेगाव)
नाही. निजवलं की रक्त घशात उतरतं, पोरगं ते गिळतं आणि काळपट उलटी करतं. मग अख्खं घर हादरतं. बसवा, मान थोडी पुढे. हाडाखालचा मऊ भाग चिमटीत दाबा, श्वास तोंडानं. घड्याळ लावून 10 मिनिटं. थांबलं का म्हणून मधेच सोडून बघायचं नाही. कांदा भाजीत घाला.

कूलरनं घोळणा फुटतो का? (दारव्हा)
नाही. कोरड्या हवेनं नाकात खपली धरते, ती नखानं काढली की फुटतो.

वडील 64 वर्षांचे. बीपीची आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. पंधरा दिवसांत चारदा रक्त आलं. जानेवारीतही आलं होतं. गावात सगळे म्हणतात गर्मी आहे, निघू द्या. गोळ्या बंद कराव्या का? (सिंदेवाही)
जानेवारीत कोणती गर्मी होती हो? ऊन आपल्याकडे आहेच, पण त्याच्या आडोशाला बाकीचं सगळं लपतं. उतारवयात कधीकधी रक्त नाकाच्या मागच्या बाजूनं येतं. बाहेर थेंबभर दिसतं, घशात मात्र धार असते. त्यांना थुंकायला लावून बघा. "गर्मी काढतो" म्हणून पुड्या विकणारा बीपी मोजत नाही, गोळ्यांची चिठ्ठीही मागत नाही. गोळ्या मनानं बंद करू नका, एखाद्याला ते हृदयावर बेततं. याच आठवड्यात चिठ्ठीसकट डॉक्टरांना दाखवा. बीपी आणि रक्त तपासतील, गोळीचा डोस तेच ठरवतील. नीट दाबूनही अर्ध्या तासात थांबलं नाही, घशात धार लागली किंवा चक्कर आली, तर 108 बोलवा. सकाळच्या एसटीची वाट बघू नका.

मेडिकलमधून नाक मोकळं करायचे ड्रॉप्स आणले, दोन महिने घालतोय. (मोर्शी)
बंद करा. ते पाच-सात दिवसांचं औषध. पुढे नाक उलट जास्त चोंदतं. दाखवून घ्या.

मुलगा पंधरा वर्षांचा. डाव्याच नाकपुडीतून वारंवार रक्त, तीच बाजू बंद. (अहेरी)
दुर्बिणीनं तपासावंच लागेल. या वयाच्या मुलांत नाकाच्या मागच्या बाजूला गाठ असू शकते. परीक्षा संपायची वाट बघू नका.