चाँटियाची पुजारीण साकारताना

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका साकारण्याच्या खेळातील फॉरगॉटन रेल्म्स या काल्पनिक जगात तुम्ही चाँटियाची पुजारीण म्हणून प्रथमच खेळणार असाल, तर मंत्रांच्या यादीआधी तिच्या भक्तांचा आचार समजून घ्यावा. शेतीच्या या देवीचे चिन्ह म्हणजे धान्याची पेंढी, किंवा धान्यावर उमललेला गुलाब. तिच्या धर्मात थाटाचे विधी थोडे आणि हाताने करायची कामे फार: एखाद्या सजीवाच्या वाढीला हातभार लावल्याशिवाय दिवस जाऊ द्यायचा नाही, जमेल तेथे पेरायचे आणि पेरलेले जोपासायचे. म्हणून सहकारी मुक्काम टाकतील तेव्हा तुमच्या पुजारिणीने बी रुजवावे, गावकऱ्यांकडे पिकाची चौकशी करावी, जळालेल्या शेतावरून घाईने पुढे जाण्यास नकार द्यावा; माझ्या मते ती जिवंत वाटू लागते ती यातूनच. तिला केवळ जखमा भरणारी ठरवू नका, कारण वादळाचा देव टॅलोस आणि रोगराईची देवी टॅलोना यांच्याशी चाँटियाचे उघड वैर आहे, आणि उभ्या पिकाचा नाश होताना तिचे भक्त स्वस्थ बसत नाहीत. त्या जगातील मूनशे बेटांवर ड्रुइड, म्हणजे निसर्गपूजक पुजारी, चाँटियाला धरणीमाता मानून पूजतात. कथा तिकडे वळणार असेल, तर खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरशी आधीच बोलून घ्या.