नाशिकमधल्या आमच्या छोट्या दवाखान्याच्या रजिस्टरवरून फ्लूची साथ चढतेय हे कसं ओळखायचं?

नुसते खोकल्याचे पेशंट मोजू नका, आठवड्याच्या एकूण पेशंटपैकी फ्लूसारखा आजार असलेले शेकडा किती ते काढा. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या धरा: मोजलेला ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त, सोबत खोकला, सुरुवात गेल्या १० दिवसांतली. तापाच्या अटीमुळे निफाडकडच्या थंडीतली साधी सर्दी आपोआप गळते. समजा, सोमवार ते रविवार २१० पैकी १९ सापडले, म्हणजे ९ टक्के. पुढच्या आठवड्यात गणपतीमुळे गर्दी ओसरली आणि १२० पैकी १८ आले, तर ते १५ टक्के. आकडा एकाने घटला, साथ मात्र चढली! सलग दोन आठवडे चढ दिसला की महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा. आपल्याकडे जोर सहसा दोनदा येतो: पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर आणि द्राक्षहंगामात जानेवारी ते मार्च.

घोळ बहुतेक वेळा थर्मामीटरपाशी होतो. पेशंट पॅरासिटामॉल घेऊन येतो, ताप ९९ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअसच्या खाली दिसतो आणि तो मोजणीतून सुटतो. गोळी कधी घेतली याचा वेगळा रकाना ठेवा, पण व्याख्या मध्येच सैल करू नका, नाहीतर मागच्या आठवड्यांशी तुलनाच उरत नाही.

एक मात्र आहे, विषाणू कोणता ते यातून कळत नाही. त्याला घशा-नाकाचा स्वॅब घेऊन पीसीआरसारखी प्रयोगशाळेतली चाचणी लागते. शिवाय आरएसव्ही (श्वसनमार्गाचा आणखी एक विषाणू) झालेल्या तान्ह्या बाळांना बऱ्याचदा तापच नसतो. ती या गणतीत येणारच नाहीत.