प्रोटॉनच्या आत क्वार्कचा (प्रोटॉन ज्यांचा बनलेला असतो त्या कणांपैकी एकाचा) स्पिन, म्हणजे अंगभूत कोनीय संवेग, आणि त्याची हालचाल यांचा एकमेकांशी संबंध असतो का?

असतो, आणि तो एकाच प्रकारचा नाही. प्रोटॉन भरवेगात जात असला तरी आतले क्वार्क थोडे आडवेही हलत असतात. प्रोटॉनचा स्पिन प्रवासाच्या दिशेला काटकोनात ठेवला, तर ही आडवी हालचाल डावी-उजवीकडे सारखी वाटली जात नाही. याला सिव्हर्स परिणाम म्हणतात. डेनिस सिव्हर्स यांनी तो 1990 मध्ये सुचवला. क्वार्कच्या स्वतःच्या स्पिनशी त्याच्या आडव्या हालचालीचा जो संबंध असतो, तो बोअर-मुल्डर्स परिणाम. त्यात प्रोटॉनचा स्पिन कुठल्याही एका दिशेला वळवलेला असण्याची गरज नसते.

मला यातली खरी गंमत वाटते ती पुढे. काळ उलटा फिरवला की संवेग उलटतो आणि स्पिनही उलटतो. सिव्हर्सच्या सूत्रात प्रोटॉनचा स्पिन, प्रोटॉनचा संवेग आणि क्वार्कचा संवेग अशा तीन राशींचा गुणाकार आहे. तिन्ही उलटल्यावर चिन्ह बदलणारच, पण इथले नियम तर काळ उलटला तरी तेच राहतात, म्हणून परिणाम शून्य असला पाहिजे, असा युक्तिवाद जॉन कॉलिन्स यांनी केला होता. पण 2002 मध्ये ब्रॉडस्की, ह्वांग आणि श्मिट यांनी त्यातली पळवाट दाखवली. इलेक्ट्रॉनचा तडाखा बसून क्वार्क बाहेर पडताना मागे उरलेला प्रोटॉनचा भाग त्याला रंगबलाने, म्हणजे क्वार्कना एकत्र धरून ठेवणाऱ्या बलाने, ओढतो, आणि या ओढीमुळे तो युक्तिवाद लागू पडत नाही. त्याच वर्षी कॉलिन्स यांनीच पुढचं भाकीत मांडलं: बाहेरून आलेला प्रतिक्वार्क (क्वार्कचा प्रतिकण) प्रोटॉनमधल्या क्वार्कला भेटून दोघं नष्ट होतात, त्या प्रक्रियेत ही ओढाताण आधीच होते, त्यामुळे परिणामाचं चिन्ह उलटं यायला हवं.

मोजमाप म्हणाल, तर हॅम्बुर्गच्या हर्मिस प्रयोगात आडवा स्पिन असलेल्या हायड्रोजनवर 27.6 जीईव्ही इतक्या ऊर्जेचा झोत सोडून बाहेर पडणारे पायॉन (क्वार्क आणि प्रतिक्वार्कच्या जोडीने बनलेले कण) कुठल्या कोनात जातात ते पाहिलं. धन पायॉनमध्ये असममिती स्पष्ट दिसली, ऋण पायॉनमध्ये जवळपास नाहीच. कारण प्रोटॉनमधल्या अप आणि डाउन या दोन प्रकारच्या क्वार्कचे परिणाम विरुद्ध चिन्हांचे आहेत आणि ऋण पायॉनमध्ये ते एकमेकांना खोडतात. उलट्या चिन्हाची चाचणी सर्नच्या कंपास प्रयोगाने घेतली. 2017 मधला त्यांचा निकाल भाकिताशी जुळतो, पण त्रुटीची मर्यादा इतकी मोठी आहे की मी तरी त्याला शिक्कामोर्तब म्हणणार नाही.

एक सावधगिरी. सिव्हर्स परिणाम शून्य नाही, म्हणजे क्वार्कना कक्षीय कोनीय संवेग (प्रोटॉनच्या आत फिरण्यातून येणारा) आहे, इतकं नक्की. तो किती, हे मात्र त्या आकड्यावरून थेट काढता येत नाही. त्यासाठी प्रोटॉनच्या रचनेचं कुठलं तरी प्रारूप गृहीत धरावंच लागतं.