विचारा की! : पंधरा मिनिटं आणि बेचाळीस स्लाइड

थंडी पडली की परिषदांचा हंगाम सुरू होतो आणि माझ्याकडच्या पत्रांचा विषयही बदलतो. या खेपेला नोकरी, बढती, वरिष्ठांचा जाच सगळं मागं पडलं. परिषदेत बोलायचंय, कसं बोलू, हेच जास्त पत्रांत. म्हणून हे पान त्यालाच दिलंय.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, वय २७. आम्ही हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी ओततो. पावसाळ्यात ब्लोहोलमुळं (ओतलेल्या लोखंडात वायूनं पडणारी भोकं) रिजेक्शन फार व्हायचं. कोअर (बॉडी आतून पोकळ राहावी म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा गाभा) साठवून ठेवायची पद्धत बदलून आम्ही ते कमी केलं. त्यावरचा माझा पेपर कोइम्बतूरच्या एका परिषदेत निवडला गेलाय. प्रश्नोत्तरं धरून १५ मिनिटं मिळणार. मालकांनी स्वतः बसून ४२ स्लाइड करून घेतल्यात, त्यातल्या पहिल्या नऊ कंपनीच्याच. त्यांना नको म्हणता येत नाही आणि एवढं सगळं सांगून होणारही नाही. काय करू? – एक इंजिनिअर, बेळगाव

उत्तर : तू पाठवलेली फाइल उघडून बघितली. पहिल्या स्लाइडवर हार घातलेला संस्थापकांचा फोटो, मग स्थापना, मग प्रमाणपत्रं, मग ग्राहकांचे लोगो, मग नव्या शेडचं भूमिपूजन. लग्नात आहेर करणाऱ्यांची यादी माइकवरून वाचतात, तसं झालंय. दहाव्या स्लाइडवर ‘कास्टिंग म्हणजे काय’. अरे, समोर कोण बसणार आहे? कोइम्बतूरचे पंपवाले, राजकोटचे, कोल्हापूरचे. भट्टीपुढं केस पांढरे झालेली माणसं. त्यांना कास्टिंग म्हणजे काय ते तू सांगणार?

त्या माणसांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो : हे माझ्याकडं चालेल का? तुझी सगळी तयारी त्या प्रश्नाभोवती बांध. बाकीचं पेपरात छापलेलं आहे, ज्याला हवं तो वाचेल.

आता तुझी गोष्ट मला कळली तशी सांगते. तुमचे कोअर सोडियम सिलिकेटचे, सीओटू गॅस देऊन घट्ट केलेले. असा कोअर दमट हवेत पडून राहिला की ओल धरतो. त्यावर लोखंडाचा रस पडला की त्या ओलीची वाफ होते. तिला बाहेर जायला वाट मिळाली नाही की ती रसात शिरते आणि आत भोक पडतं. बाहेरून बॉडी झकास दिसते. मशीनिंग होतं, पैसा खर्च होतो आणि मग लीक टेस्टला पाण्यात बुडवून हवा सोडली की बुडबुडे. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा कशी असते ते तुला सांगायला नको. वाळत घातलेला टॉवेल तीन दिवस वाळत नाही, तिथं उघड्या रॅकवरचा कोअर काय कोरडा राहणार. तुम्ही काय केलं? कोअर झाकून गरम खोलीत ठेवले, आधी केलेला कोअर आधी वापरायचा नियम केला, आणि कोअरमधल्या गॅसला जायची वाट रुंद केली. झालं! एवढीच गोष्ट आहे आणि ती चांगली आहे. खरं, तुझ्या फाइलमध्ये ती सव्विसाव्या स्लाइडला सुरू होते.

ती पहिल्या मिनिटात सांग. उभा राहिलास की नाव, गाव, आणि लगेच : आमच्याकडं पावसाळ्यात शंभर बॉडींमागं इतक्या परत यायच्या, आता इतक्या येतात, आणि नवीन मशीन एकही घेतलं नाही. (तुझे आकडे तू लिहिलेत, मी छापत नाही. गिऱ्हाइकं हे मासिक वाचतात.) नवीन मशीन नाही म्हटल्यावर मागच्या रांगेतला मोबाईल बघणारा माणूससुद्धा मान वर करतो.

मग येतो खरा कस, आणि इथं बहुतेक जण मार खातात. कोइम्बतूरला आपल्यापेक्षा बराच कमी पाऊस. तिथला माणूस उठून म्हणणार, आमच्याकडं हवा कोरडी, आम्हाला ह्याचा काय उपयोग? त्यानं विचारायच्या आधी तूच सांग. कुठल्या महिन्यांतले आकडे, त्या दिवसांत शेडमध्ये आर्द्रता किती, कोअर केल्यापासून रस ओतेपर्यंत किती तास गेले, रसाचं तापमान काय, साच्याच्या वाळूतला ओलावा तोच ठेवला होता का? हे शेवटचं फार महत्त्वाचं. त्याच काळात तुम्ही वाळूतही बदल केला असेल, तर फरक कोअरमुळं पडला की वाळूमुळं, हे कुणीही विचारेल आणि विचारावंच. केला असेल तर तसं सांग. जिथं ह्या पद्धतीनं फरक पडला नाही अशी एखादी बॉडी असेल, तीही दाखव. तुझ्या फाइलमध्ये तसली एक ओळ आहे, बारीक अक्षरात, अडतिसाव्या स्लाइडच्या तळाशी. तिला स्वतःची स्लाइड दे. ती बघून लोकांचा बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

तळाशी बारीक अक्षरात म्हटल्यावर आठवलं. शेवटच्या वर्षाच्या पोरांना मी एक उदाहरण द्यायची. १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया यान उडालं, आपल्या कल्पना चावला होत्या त्यात. उडाल्यावर दीडेक मिनिटाच्या आत बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत होतं तेव्हाच खाली इंजिनिअरांनी नुकसानीचा अंदाज बांधून वरिष्ठांना स्लाइड दाखवल्या. त्यातल्या एकीचं शीर्षक असं, की वाचणाऱ्याला वाटावं, काळजीचं कारण नाही. आणि त्याच स्लाइडच्या अगदी तळाशी लिहिलेलं, की चाचण्या झाल्या त्या ३ घनइंचाच्या तुकड्यावर, आणि हा तुकडा १,९२० घनइंचाचा. सहाशे चाळीस पट! म्हणजे हातातल्या चाचण्यांवरून काहीच सांगता येत नाही, हे त्या स्लाइडचं शीर्षक व्हायला हवं होतं. १ फेब्रुवारीला परत येताना यान फुटलं, सातही जण गेले. यान काही स्लाइडमुळं पडलं नाही. खरं, चौकशी मंडळानं आपल्या अहवालात त्या एका स्लाइडची चिरफाड केली आहे, ती उगाच नाही.

तेव्हा ‘निष्कर्ष व चर्चा’ असली शीर्षकं काढून टाक. तिथं पूर्ण वाक्य लिही : ‘झाकून ठेवलेल्या कोअरमध्ये ब्लोहोल कमी झाले’. खाली एकच आलेख, बारा महिन्यांचा, बदलाच्या आधीचं वर्ष आणि नंतरचं वर्ष. पावसाळ्याचे चार महिने फिकट पट्ट्यानं दाखव. लाल आणि हिरवी रेघ शेजारी शेजारी घेऊ नकोस, काही पुरुषांना तो फरक दिसतच नाही आणि अशा परिषदांत नव्वद टक्के पुरुषच असतात. एक रेघ जाड, एक तुटक, संपलं. चौदा ओळी आणि आठ रकान्यांचा तक्ता स्लाइडवर नको. त्याच्या प्रती काढून ने.

मागच्या रांगेत अक्षर दिसेल का, हे घरीच कळतं. लॅपटॉपचा पडदा साधारण एक फूट रुंद, हॉलमधला दहा फूट धरला तर दहा पट. मागची रांग ऐंशी फुटांवर असेल, तर घरी लॅपटॉपपासून आठ फुटांवर उभं राहून वाचून बघायचं. दिसलं नाही तर अक्षर मोठं कर. त्यात मजकूर मावत नसेल तर मजकूर कमी कर. उलटं करू नकोस.

पंधरा मिनिटांत तू बोलायचंस ते अकरा, फार तर बारा मिनिटं. दहाएक स्लाइड पुरतात. घड्याळ लावून, उभा राहून, मोठ्यानं बोलून बघ. मनातल्या मनात वाचलं की सगळं सात मिनिटांत होतं आणि तिथं गेल्यावर सोळा लागतात. ऐकायला एखादा फेटलिंगचा, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणारा, जुना कारागीर बसव. तो ‘असं न्हाई होत साहेब’ म्हणाला, तर कोइम्बतूरला जायच्या आधी कळलेलं बरं.

आणि एक कर. ब्लोहोल असलेली एक बॉडी आणि चांगली एक, दोन्ही मधोमध कापून घे, कापलेली बाजू घासून चकचकीत कर. भाषण चालू असताना फिरवू नकोस, लोक तेच बघत बसतील. पुढच्या टेबलावर ठेव आणि चहाच्या वेळी शेजारी उभा राहा. ओतकाम करणारा माणूस कापलेला तुकडा दिसला की हात लावल्याशिवाय पुढं जात नाही, मग बोलणं आपसूक सुरू होतं. लहानातलीच बॉडी निवड. दहा सेंटिमीटरचा भरीव ठोकळा सात किलो भरतो, रेल्वेत तुलाच उचलायचंय.

राहिले मालक. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांना सांग, की कंपनीची स्लाइड शेवटी ठेवू, प्रश्नोत्तरं चालतात तेवढा वेळ तीच पडद्यावर राहील. पहिल्या नऊ स्लाइड मिळून दोन मिनिटं दिसल्या असत्या, ही एकटी चार मिनिटं दिसेल. धंदेवाल्या माणसाला हा हिशोब लगेच पटतो. त्या स्लाइडवर कोअररूमचा फोटो टाक, काम करणाऱ्या माणसांसकट. भूमिपूजनाचा नको.

प्रश्न : मॅडम, मी खानापूर तालुक्यात नर्सिंग ऑफिसर आहे. शाळा मराठीतून झाली, कामात कन्नड, आणि आता हुबळीला इंग्रजीत बोलायचंय. दवाखान्यात तिन्ही भाषा बोलते, खरं माइक हातात आला की एकही आठवत नाही. पाठ करू का? – खानापूर

उत्तर : पाठ करू नका. पाठ केलेल्यात एक शब्द निसटला की पुढची दहा वाक्यं त्याच्यामागं जातात. पहिली तीन-चार वाक्यं आणि शेवटची दोन, एवढीच पाठ करा. मधलं सगळं स्लाइड बघून, रोज वॉर्डात डॉक्टरांना सांगता तसं. वाक्य लहान ठेवा. जोडवाक्य इंग्रजीत सुरू करायला सोपं असतं, संपवताना माणूस अडकतो.

आकडे मात्र मोठ्यानं म्हणून घोटा. आपण सत्तावन्न म्हणताना सात आधी म्हणतो, इंग्रजीत फिफ्टी आधी, कन्नडातही ऐवत्तु आधी. घाई झाली की मराठी माणसाच्या तोंडून सत्तावन्नचा सेव्हंटी फाइव्ह होतो, आणि औषधाच्या मात्रेत तसं झालं तर सगळा हॉल दचकतो. म्हणून महत्त्वाचा आकडा स्लाइडवर मोठा लिहा आणि बघूनच वाचा.

सुरुवातीची दोन वाक्यं कन्नडात बोललात तर हुबळीत सगळे सैल होतील, तुम्हीसुद्धा. प्रश्न कन्नडात आला तर उत्तरही कन्नडात द्या, कुणी अडवत नाही. तुम्ही न विचारलेलं एक सांगते. रुग्णाचा फोटो दाखवणार असाल तर लेखी परवानगी हवीच, आणि केसपेपर किंवा एक्स-रेच्या कोपऱ्यातलं नाव स्लाइडवर घ्यायच्या आधीच कापून टाका. त्यावर पांढरा चौकोन ठेवून भागत नाही. फाइल दुसऱ्याच्या हातात गेली की चौकोन बाजूला सरकवता येतो.

प्रश्न : माझ्या स्लाइड मराठीत होत्या. परिषदेच्या लॅपटॉपवर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं आली. – प्राध्यापक, निपाणी

उत्तर : तुम्ही श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटात टाइप केलं असणार. तो फाँट ज्या मशीनवर नाही, तिथं तो मजकूर मराठी राहतच नाही. युनिकोडात टाइप करा, मंगल किंवा निर्मला चालेल. सेव्ह करताना फाँट फाइलमध्येच बसवायचा पर्याय असतो, तो निवडा. आणि पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर वेगळी ठेवा. सत्र सुरू व्हायच्या आधी, हॉल रिकामा असताना, एकदा तिथल्याच मशीनवर सगळ्या स्लाइड पुढं ढकलून बघा. हल्ली बऱ्याच ठिकाणी प्रोजेक्टरऐवजी एलईडी पडदा असतो, त्यावर लेझरचा लाल ठिपका नीट दिसत नाही. पॉवरपॉइंटमध्ये कंट्रोल दाबून माऊसचं डावं बटण धरलं की पडद्यावरच ठिपका येतो, तो सगळ्यांना दिसतो.

प्रश्न : मी साखर कारखान्यात शेती विभागात आहे. बोलायची भीती नाही, प्रश्नांची आहे. उत्तर येत नसेल तर काय? आणि काही जण प्रश्न विचारायला उठतात नि भाषणच देतात, त्यांचं काय करायचं? – चिकोडी

उत्तर : येत नसेल तर ‘हे आम्ही तपासलेलं नाही’ म्हणायचं आणि थांबायचं. पुढं ‘खरं मला वाटतं’ जोडलंत की दुसरा प्रश्न त्या वाटण्यावर येतो. तपासलंय खरं आकडा आठवत नाही, असं असेल तर शेवटच्या स्लाइडच्या मागं चार-पाच जादा स्लाइड ठेवा : उसाची जात, लागणीची तारीख, उतारा, पाणी किती पाळ्या दिल्या. ऊसवाल्यांचे प्रश्न बहुतेक याच्या बाहेर जात नाहीत. स्लाइडचा नंबर दाबून एंटर केलं की थेट ती उघडते. नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा.

प्रश्न ऐकून घ्या, आणि हॉलला ऐकू जाईल असा एका वाक्यात परत सांगा. मागच्यांना प्रश्न ऐकूच आलेला नसतो आणि तुम्हाला विचार करायला तेवढा वेळ मिळतो.

भाषण देणारे प्रत्येक सत्रात एक तरी असतातच. बहुधा पहिल्या रांगेत, बहुधा निवृत्त. (मीही निवृत्तच आहे, म्हणून एवढं बोलायचा हक्क घेते.) त्यांना तोडायला जाऊ नका, ते तुमचं काम नाही. त्यांनी श्वास घेतला की ‘सर, तुमचा अनुभव मोठा आहे, चहाच्या वेळी नक्की बोलू’ म्हणा आणि दुसऱ्या हात वर केलेल्या माणसाकडं बघा. तरीही थांबले नाहीत तर सत्राच्या अध्यक्षांकडं बघा. घंटा त्यांच्या टेबलावर असते.