घोडा उपाशी ठेवतो, छळ करतो अशा खोट्या तक्रारी कोणी मुद्दाम वारंवार करत असेल तर घोड्याच्या मालकाने काय करावं?

फाटकावर अडवू नका. हे आधी सांगतो, बाकीचं नंतर.

तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांत तीनदा तपासणी झाली, तिन्ही वेळा काही निघालं नाही, तक्रार कोण करतंय हे तुम्हाला जवळजवळ ठाऊक आहे, आणि आता चौथ्यांदा कोणी आलं तर आत सोडायचं नाही असं मनात आहे. शिवाय घोडा काही दिवस दुसरीकडे हलवावा का, असंही विचारलंय. मी या वाटेने जाऊन आलोय. माझ्या घोडीवरून सव्वा वर्षात पाच तक्रारी झाल्या, पाचही खोट्या. त्या काळात घोडीला खरी इजा मात्र एकदाच झाली आणि ती माझ्या हातून झाली. ते पुढे येईलच.

तक्रार खोटी असली तरी तपासायला आलेला माणूस खोटा नसतो. फोन आला की बघायला जाणं हे त्याचं कामच आहे. त्याला अडवलंत तर खोट्या तक्रारीतून खरं प्रकरण उभं राहतं, कारण तपासात अडथळा आणणं हा बऱ्याच ठिकाणी वेगळा गुन्हा धरतात. आणि तुम्ही शंभरदा ‘माझा घोडा ठणठणीत आहे’ म्हटलंत तरी त्याला वजन नाही. त्याच्या कागदावरच्या ‘पाणी स्वच्छ, वैरण पुरेशी, खूर व्यवस्थित’ या एका ओळीला आहे. तुमचा सगळ्यात भक्कम साक्षीदार तक्रारदार स्वतःच तुमच्या दारात पाठवतोय, असं समजा.

पहिल्या वेळी मला हे कळत नव्हतं. घोडी तेव्हा २७ वर्षांची. तिला कुशिंगचा आजार, म्हणजे मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा बिघाड. म्हाताऱ्या घोड्यांत तो सर्रास दिसतो. केस लांब वाढतात आणि वेळेवर गळत नाहीत, पाठीवरचं मांस झडतं, कणा वर येतो, पोट खाली लोंबतं. त्यात दाढा झिजलेल्या, त्यामुळे गवत चघळून त्याचे बोळे तोंडातून खाली पडायचे. कुंपणापलीकडून बघणाऱ्याला ती उपाशी वाटणारच. तक्रारीत ‘हाडांचा सापळा’ असा शब्द होता. अधिकारी आला, मी तापलेला. पाऊण तास मी त्याला वहिवाटीच्या रस्त्याचं भांडण सांगत बसलो, कोण कसा आहे, कोणी कधी काय केलं. त्याने शांतपणे ऐकलं. पुढे नोंदीची प्रत मिळाली तेव्हा त्यात माझ्या पाऊण तासाचं एक वाक्य झालं होतं: ‘मालक संतप्त, शेजाऱ्यांशी वाद.’ घोडीच्या औषधाबद्दल एक अक्षर नाही, कारण ते सांगायला मी विसरलो होतो.

त्याच भेटीत त्याला कुंपणाची एक तुटकी तार लोंबताना दिसली. तक्रारीत तारेचा उल्लेखही नव्हता. पण तार खरी होती, घोड्याचा पाय कापू शकली असती. मी ती त्याच संध्याकाळी बदलली आणि फोटो पाठवला. म्हणून सांगतो, राग कितीही आला तरी एकदा सगळी तक्रार खरी आहे असं धरून तबेल्यात फेरी मारा. पाण्याच्या टाकीत शेवाळ, वाढलेले खूर, कुठे बाहेर आलेला खिळा. तुमच्या नजरेला सवय झालेली असते, परक्याच्या नाही.

आता माझी चूक. पहिल्या तक्रारीनंतर मला एकच ध्यास लागला, हिच्या फासळ्या दिसता कामा नयेत. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, वाढवली. सकाळी एक माप जास्त, संध्याकाळी एक जास्त. घोडीची निगा राखणारा मोतद्दार दोनदा म्हणाला, ‘मालक, म्हातारीला एवढं झेपायचं नाही.’ मी ऐकलं नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती थानावरून हलेना. पुढचे पाय लांब पुढे टाकून मागे रेलून उभी, जणू जमीन तापलेली आहे. खुरांना हात लावला तर कढत, आणि खुराच्या वर मागच्या बाजूला बोट ठेवलं तर नाडी ठणठण उडत होती. लॅमिनायटिस. खुराच्या आतला नाजूक थर सुजतो, आणि फार वाढलं तर आतलं हाड फिरतं. कुशिंग असलेल्या जनावराला पिठूळ, साखरेचं खाणं वाढवलं की हा धोका असतोच. मला ते माहीत होतं. तरी लोकांची तोंडं बंद करायला मी घोडीचं तोंड भरत गेलो. सहा आठवडे ती जाड बिछायतीवर उभी होती. तक्रारदाराला जे जमलं नसतं ते मी केलं.

तेव्हापासून एक नियम केला. तक्रारीचं उत्तर कागद देईल, घोडी नाही.

कागद म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच तुमचं प्रकरण सुटणार आहे. घोडा बारीक आहे की नाही हे डोळ्यांनी नव्हे, हाताने ठरवतात. त्यासाठी जगभर हेनेके या अमेरिकी संशोधकाची १ ते ९ गुणांची पद्धत वापरतात, १९८३ साली प्रसिद्ध झालेली. मान, खांद्यांमधला उंचवटा, खांद्यामागची जागा, फासळ्या, कंबर आणि शेपटीचं मूळ, या सहा ठिकाणी हात फिरवून चरबी बघायची. १ म्हणजे अस्थिपंजर, ९ म्हणजे अति लठ्ठ. ५ गुणांच्या घोड्याच्या फासळ्या दिसत नाहीत पण बोटांना सहज लागतात, आणि ४ ला त्या पुसट दिसूही लागतात. म्हणजे फासळीची पुसट रेघ दिसली की उपासमार, हे गणितच चुकीचं आहे. उलट केसाळ घोड्यात खरा अशक्तपणा झाकला जातो, म्हणून हात फिरवणं सोडू नका.

वजनासाठी काटा नसेल तर टेप पुरते. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. उत्तर किलोत येतं. माझ्या घोडीचा घेर १६५ आणि लांबी १४८, म्हणजे साधारण ३३९ किलो. आकडा दहावीस किलोंनी इकडेतिकडे असेल, त्याने बिघडत नाही. महत्त्वाचं हे की दर पंधरा दिवसांनी त्याच माणसाने, त्याच वेळी, तीच टेप लावून मोजलेल्या आकड्यांची रांग तुमच्याकडे असावी. सोबत चार बाजूंनी फोटो, तारखेसह. ‘तीन महिन्यांत वजन टिकून आहे’ या रांगेपुढे ‘हाडांचा सापळा’ हा शब्द आपोआप हवेत विरतो.

त्याच फाइलमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, लसी, जंताचं औषध, दात घासल्याची तारीख, नालबंदाच्या दर ६ ते ८ आठवड्यांच्या पावत्या, वैरणीची बिलं ठेवा. वैरणीची बिलं लोक फेकून देतात. उपाशी ठेवल्याच्या आरोपाला त्याहून सरळ उत्तर दुसरं नाही. म्हातारं किंवा आजारी जनावर असेल तर डॉक्टरांकडून एका पानाचं पत्र घेऊन ठेवा: वय, आजार, उपचार काय चालू, आणि हे असं का दिसतं.

भेटीच्या वेळी ओळखपत्र बघा, नाव आणि वेळ टिपून घ्या, आरोप नेमका काय आहे ते विचारा, आणि मग घोड्याविषयीच बोला. शेजाऱ्याविषयी नाही. तो फोटो काढेल तेव्हा त्याच कोनातून तुम्हीही काढा. जाताना निष्कर्ष लेखी मागा. ‘सगळं ठीक आहे’ असं तोंडी सांगून गेलेला माणूस सहा महिन्यांनी बदली होऊन गेलेला असतो. तुम्ही नसताना कोणी आलं तर मोतद्दाराने अदबीने बसवावं, तुम्हाला फोन लावावा आणि न समजलेल्या कागदावर सही करू नये, एवढं त्याला शिकवून ठेवा.

एक गोष्ट कडू वाटेल. सगळ्या खोट्या तक्रारी दुष्टपणाच्या नसतात. घोड्याचं बरंचसं आयुष्य बाहेरच्याला क्रूर दिसतं. माशांसाठी जाळीचा मुखवटा घातला की ‘डोळे बांधून ठेवलेत’, जाळीतून त्याला दिसतं हे कोणाला माहीत नसतं. लठ्ठ तट्टाला चरताना मुसकं घातलं की ‘तोंड बांधून उपाशी ठेवलंय’. खुरात पू झाला की घोडा एक पाय टेकतच नाही, इतका लंगडतो की पाय मोडला असं वाटावं, आणि पू निघाला की बहुतेकदा एकदोन दिवसांत चालायला लागतो. दात घासायला गुंगीचं इंजेक्शन दिलेला घोडा मान जमिनीला लावून झुलत असतो, तेव्हा रस्त्याने जाणाऱ्याचा काळजाचा ठोका चुकणारच.

म्हणून मी कुंपणावर एक फळा लावला. ‘घोडी २७ वर्षांची आहे. आजारावर डॉक्टरांचे उपचार चालू आहेत. कृपया काही खायला घालू नका. शंका असेल तर या नंबरवर फोन करा.’ खायला घालू नका, हे मोठ्या अक्षरांत. कारण ‘बिचारी उपाशी आहे’ ही आवई उठली की दयाळू माणसं कुंपणावरून हिरवळीचं कापलेलं गवत टाकतात. ढिगात ते लगेच आंबायला लागतं आणि त्याने घोड्याला पोटशूळ होऊ शकतो. फळ्यानंतर मला बारा-पंधरा फोन आले, बहुतेक सज्जन माणसांचे, दोघी तर आत येऊन तिला खरारा करून गेल्या. यातून एक गाळणीही तयार होते. फळा वाचूनही, नंबर समोर असूनही, जो थेट कार्यालयात फोन करून ‘हिला कधी डॉक्टर दाखवला नाही’ असं सांगतो, तो चुकला असं म्हणणं अवघड जातं.

तरी मुद्दामपणा सिद्ध करणं सोपं नाही, हे ओळखून असा. जाणूनबुजून खोटी माहिती देणं अनेक देशांत गुन्हा आहे, पण ‘जाणूनबुजून’ हे तुम्हाला दाखवावं लागतं, आणि तक्रारदाराचं नाव सहसा गुप्त ठेवतात. त्यामुळे नाव खणत बसण्यात जीव घालवू नका. मी एक साधा तक्ता केला: तारीख, आरोप, निष्कर्ष, आणि शेवटच्या रकान्यात त्या आठवड्यात दुसरं काय घडलं. पाचपैकी चार तक्रारी रस्त्याच्या वादाच्या तारखेनंतर आठवड्याच्या आत आल्या होत्या. कोणावर आरोप न करता तो तक्ता आणि आधीच्या सगळ्या निष्कर्षांच्या प्रती कार्यालयाला दिल्या, आणि ही सगळी प्रकरणं एकत्र बघावीत, शक्यतो एकाच अधिकाऱ्याने यावं, अशी लेखी विनंती केली. त्यानंतर येणाऱ्याचा सूर बदलला. वकिलाकडेही हाच तक्ता घेऊन जा, त्याचे निम्मे कष्ट वाचतील.

समाजमाध्यमांवर तुमच्या घोड्याचा फोटो फिरत असेल तर स्क्रीनशॉट तारखेसह जपा, पोस्ट काढायची मागणी करा, बदनामीचं काय ते वकील बघेल. खाली उत्तर लिहू नका. मी लिहिलं होतं, रात्री दीड वाजता, आणि तेच पुढे माझ्याविरुद्ध फिरलं.

घोडा हलवायचं विचारताय, तर तपास चालू असताना अजिबात नको. लपवल्यासारखं दिसतं, आणि म्हाताऱ्या जनावराला जागाबदल सोसत नाही. हलवणं भागच असेल तर आधी लेखी कळवा, कुठे आणि का तेही. त्याऐवजी फाटकावर कॅमेरा लावा. द्वेष करणारा माणूस नेहमी फोनवरच थांबतो असं नाही, कडी काढून ठेवणं, पाणी सांडून देणं हेही होतं.

माझ्याकडची पाचवी तक्रार ‘घोडी मरून पडली आहे, मालक उचलत नाही’ अशी होती. अधिकारी तोच, पहिला. मी तिथे पोचलो तर तो फाटकाबाहेर हाताची घडी घालून उभा. घोडी उन्हात कुशीवर पसरलेली, ओठ लोंबलेला, मधूनच एक पाय हलत होता. घोडे उभ्याने डुलक्या घेतात, पण गाढ स्वप्नाची झोप त्यांना आडवं पडल्याशिवाय लागत नाही, आणि आपल्या जागेत निर्धास्त वाटल्याशिवाय घोडा सहसा झोपायला आडवा होत नाही. मी हाक मारणार तेवढ्यात त्याने हाताने थांबवलं. वीसेक मिनिटांनी ती आपणहून उठली, अंग झाडलं, आणि बादलीकडे गेली. त्याने घड्याळ बघून नोंद केली आणि प्रत माझ्या हातात दिली. ‘घोडी झोपली होती. उठली. पाणी प्यायली.’