कायद्याचा सल्ला : पाहुण्यांच्या आधारच्या झेरॉक्स

प्रश्न : मालवणला आमचे चार खोल्यांचे निवास-न्याहारी केंद्र पत्नीच्या नावावर आहे. पाहुण्यांच्या आधारच्या झेरॉक्स खणात आणि फोटो मुलाच्या व्हॉट्सॲपवर साठले आहेत. एका पाहुण्याने ते नष्ट करण्यास कळवले आहे. काय करावे, आणि परवडेल असा वकील कुठे मिळेल?

उत्तर : पाहुण्याची मागणी रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयक कायद्यात, अन्य कायद्याने जपणे बंधनकारक नसेल तर, हेतू संपताच माहिती पुसण्याचे तत्त्व आले. गंमत अशी की, हा कायदा डिजिटल माहितीपुरता असल्याने खणातल्या, दमट हवेने एकमेकींना चिकटलेल्या झेरॉक्सपेक्षा मुलाच्या मोबाइलमधले फोटोच अधिक अडचणीचे आहेत. पोलिसांसाठीच्या नोंदवहीत आवश्यक तेवढेच लिहून फोटो काढून टाकावेत, आणि यापुढे शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड आधार’ मागावे.

वकिलांना जाहिरात करण्यास मनाई असल्याने, स्वतःचा गाजावाजा करणाऱ्यांपासून जरा दूरच राहावे. गोपनीयतेचे काम करणाऱ्या काही संस्था सामाजिक बांधिलकीपोटी छोट्या व्यावसायिकांकडून नाममात्र शुल्क घेतात. ते आधी लेखी ठरवून घ्यावे. शिवाय १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते. त्यामुळे पत्नीने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन करावा.